कै. खाशाबा जाधव

मुष्टियुद्धाचे नाव काढताच पुष्कळ पालकांच्या कपाळी आठ्या पडतात. ठोसे लगावण्याची विद्या शिकलेला मुलगा उद्या गल्लीत भांडणे उकरून काढील, अशी त्यांस धास्ती वाटते. उलटपक्षी, हातमोजे चढविणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांस वाटते की, प्रतिस्पर्ध्यास तुच्छ लेखणे म्हणजेच आत्मविश्वास. पालेगाव-अंबरनाथकडील आमच्या वाचकांनी या दोन्ही समजुती सोडाव्यात, एवढ्याचकरिता आम्ही येथे एका मल्लाचे चरित्र सांगत आहो. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचे डाव निराळे खरे. तथापि दोहोंतही वजनाचे गट असतात, पंचांचा निर्णय शिरसावंद्य मानावा लागतो, आणि झुंजताना खेळाडूच्या मदतीस दुसरा गडी नसतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळे तालमीतील लाल मातीशी खाशाबांचा परिचय बालपणीच झाला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण आटोपून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. त्यांची अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत त्यांना कुस्तीसाठी घेण्यास क्रीडाशिक्षक प्रथम राजी नव्हते, असे सांगतात. खाशाबांनी हुज्जत घातली नाही. ते सरळ प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळविली, आणि आपल्याहून थोराड गड्यांस चीत करून दाखविले.

१९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले. परंतु मातीत कसलेल्या या मल्लास गादीवरील कुस्तीचा व तिच्या नियमांचा पुरेसा सराव नव्हता. फ्लायवेट गटात त्यांना सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. दुसरा एखादा खचला असता, किंवा गादीला नावे ठेवीत बसला असता. खाशाबांनी आपल्यात काय उणे आहे ते ओळखले, आणि पुढील चार वर्षे अधिक वजनाच्या गटासाठी कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्यावरील असा विश्वास विरळा होय.

हेलसिंकीत ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस पराभूत केले. मात्र पुढे सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव व जपानचा शोहाची इशी यांच्यापुढे त्यांना हार खावी लागली. या दोन लढतींच्या दरम्यान नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि ती मागण्यास कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे म्हणतात. तरीही थकल्या देहाने ते गादीवर उतरले. इशीस सुवर्णपदक, रशीदला रौप्यपदक व खाशाबांस कांस्यपदक लाभले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

मायदेशी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु आम्हांस त्या मिरवणुकीहून पुढील गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसा मिळविला, आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. दिल्लीतील एका क्रीडागृहास त्यांचे नाव दिलेले आहे. २०१८ साली महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा तेथेच झाली, आणि मणिपूरच्या मेरी कोम यांनी आपले सहावे जागतिक विजेतेपद त्याच छताखाली जिंकले.

विद्यार्थ्यांनो, पहिल्याच सामन्यात हरलात म्हणून हातमोजे खुंटीला टांगू नका. लंडनचे सहावे स्थान आणि हेलसिंकीचे पदक यांच्यामध्ये चार वर्षांचा घाम आहे. आत्मविश्वास त्या घामातून येतो, बढाईतून नव्हे. घंटा वाजली की प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घ्या, आणि ज्यांनी तुम्हांस उभे केले त्यांचे ऋण विसरू नका. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी सामन्याहून घरी आली म्हणजे जिंकलास की हरलास, हे आधी विचारू नका. नियमाने खेळलास ना, हे आधी विचारा. हा प्रश्न ज्या घरी रोज विचारला जातो, त्या घरचे मूल गल्लीत हात उगारणार नाही, अशी आमची खात्री आहे.