कर्मवीर भाऊराव पाटील : मुलांना मिंधे न करणारा दाता



दरवर्षी २२ सप्टेंबरला सातारा-सांगलीकडच्या शाळाशाळांतून एका थोर पुरुषाची जयंती साजरी होते. आपल्यापैकी कित्येकजण 'रयत'च्या शाळेत शिकलो, कुणाचे आईवडील शिकले, कुणी तिथे शिकवले. वर्गातल्या भिंतीवरचा तो पांढऱ्या दाढीचा फोटो आपण रोज पाहिला. पण रोज पाहिलेल्या माणसाची ओळख कधीकधी राहूनच जाते. म्हणून आज कर्मवीर भाऊराव पाटील यांचे थोडे स्मरण करू या.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ घर सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. शाळेची परीक्षा काही त्यांना साधली नाही, मॅट्रिकही झाले नाहीत. पण माणसाला माणूस मानण्याचा धडा त्यांनी तिथेच पक्का केला.

पुढे पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना खेडे जवळून दिसले. हुशार मुले गुरे राखताना दिसली. शाळा दूर, शहरात राहायला जागा नाही, जागा मिळाली तर जेवणाची सोय नाही. मुलाला शिकवायचे तर आधी त्याला निवारा आणि भाकरी हवी, हे त्यांनी ओळखले. सांगलीजवळच्या दूधगावात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभारण्याच्या कामात ते होतेच. मग ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. सगळ्या जातीधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. आज यात आपल्याला विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र हे गावाचा रोष ओढवून घेण्यासारखे होते.

या कामात आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची साथ. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींची मुले आपली मानली. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना मोडला जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. एखाद्या स्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढे संस्थेचा केवढा वटवृक्ष झाला हे पाहायला त्या राहिल्या नाहीत. लोक त्यांना रयत माउली म्हणतात, ते काही उगीच नाही.

भाऊराव दारोदार मागत हिंडले. कुणी पैसे दिले, कुणी जमीन दिली, गावच्या बायकांनी रोजच्या स्वयंपाकातले मूठभर धान्य बाजूला काढून दिले. ही मूठ गरिबाच्या घरूनही येई. त्यामुळे शाळा कुणा एकाच्या मेहेरबानीची न राहता सगळ्या गावाची झाली. मागताना त्यांना लाज वाटली नाही, कारण ते स्वतःसाठी मागत नव्हते.

मात्र मिळालेले दान त्यांनी मुलांच्या हातावर नुसते ठेवले नाही. मुले शेतात राबत, खडी फोडत, दळण दळत, इमारतीच्या कामावर जात आणि त्या कष्टावर शिकत. 'कमवा आणि शिका' ही योजना ती हीच. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही याच वाटेने. गरिबाच्या मुलाला पुस्तक मिळाले, पण त्यासाठी त्याला मान खाली घालावी लागली नाही. आपण कुणाच्या उपकारावर नव्हे, स्वतःच्या घामावर शिकलो, असे तो आयुष्यभर सांगू शकला. भाऊरावांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते.

१९३५ मध्ये त्यांनी शिक्षक घडवणारे विद्यालय काढले, पुढे खेडोपाडी शेकडो शाळा उघडल्या, १९५४ मध्ये कराडला कॉलेज झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. पदवी दिली, मॅट्रिक न झालेल्या माणसाला! त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले आणि ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. संस्थेच्या शाखा आज सातशेच्या वर आहेत.

बंधुभगिनींनो, आपणही दानधर्म करतो. जून महिना आला की वह्या-पुस्तके वाटतो, कुणाची फी भरतो. ते चांगलेच आहे, ते चालूच राहावे. पण देताना त्या मुलाचा फोटो काढावा का, चारचौघांत त्याचे नाव पुकारावे का, याचा विचार आपण करतो का? घेणाऱ्याची मान ताठ राहील असे देणे अवघड असते. त्याला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, माया अधिक लागते. लक्ष्मीबाईंचे सोने केव्हाच संपले. त्या सोन्याच्या भाकरीवर शिकलेल्या मुलांची नातवंडे आज आपल्या शेजारीपाजारी आहेत. आपल्याच ओळखीत एखादे हुशार मूल अडलेले असेल. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांशी दोन शब्द बोलून यावे, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.