सर रोनाल्ड रॉस आणि हिंवतापाचें कोडें

पावसाळा सरत आला म्हणजे आपल्याकडे थंडीतापाचे रोगी दिसूं लागतात. अंगावर चार कांबळीं घातलीं तरी हुडहुडी जात नाहीं. मग ताप चढतो, घाम येऊन उतरतो, आणि एक दिवस आड करून पुन्हां हजर होतो. हाच हिंवताप अथवा मलेरिया. दलदलीवरून येणाऱ्या दूषित वाऱ्यामुळें हा ताप येतो असें लोक शेंकडों वर्षें समजत आले. मलेरिया ह्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं वाईट हवा असा आहे. हा समज ज्यांच्या परिश्रमानें दूर झाला, त्या सर रोनाल्ड रॉस ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें थोडक्यांत सादर करीत आहों. त्यांचें मुख्य कार्य आपल्याच देशांत घडलें, म्हणून तें आपणांस विशेष जवळचें वाटावें.

रॉस ह्यांचा जन्म हिमालयाच्या कुशींतील अलमोडा येथें १३ मे १८५७ रोजीं झाला. मीरतेस उठावाचा वणवा पेटून तेव्हां तीनच दिवस लोटले होते. वडील सैन्यांत अधिकारी होते, आणि दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरले. आठव्या वर्षीं त्यांस शिक्षणासाठीं इंग्लंडांत धाडण्यांत आलें. त्यांचा ओढा काव्य, संगीत व चित्रकला ह्यांकडे होता. परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्यक शिकूं लागले. अभ्यासांत मन रमेना, आणि एका परीक्षेंत अपयशही पदरीं आलें. अखेर १८८१ सालीं ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें दाखल झाले. ह्या तरुणाच्या हातून जगावर उपकार होतील, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल.

१८८३ सालीं बंगलोर येथें असतां त्यांच्या बंगल्यांत डांसांचा फार सुळसुळाट झाला. कारण शोधतां शोधतां खिडकीबाहेरील पाण्याच्या पिंपांत अळ्या वळवळतांना दिसल्या. पिंप पालथें करतांच डांस कमी झाले. इतर ठिकाणच्या पाण्याचीही तशीच व्यवस्था करावी, असें त्यांनीं एका अधिकाऱ्यास सुचविलें. पण त्यानें तें मानलें नाहीं. ह्या लहानशा गोष्टींत पुढील मोठ्या कार्याचें बीज होतें.

१८८० सालीं आल्जीरियांत लाव्हरां नांवाच्या फ्रेंच लष्करी वैद्यांनीं रोग्याच्या रक्तांत हिंवतापाचा सूक्ष्म जंतु पाहिला होता. पण तो एका माणसाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत जातो कसा? हत्तीरोगाचे कृमि डांसाच्या शरीरांत वाढतात हें डॉ. पॅट्रिक मॅन्सन ह्यांनीं पूर्वीं चीनमध्यें दाखविलें होतें. हिंवतापाचीही तीच गत असावी, असा त्यांचा तर्क होता. १८९४ सालीं रॉस रजेवर लंडनला गेले, तेव्हां मॅन्सन ह्यांनीं त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तो जंतु दाखविला व आपला तर्कही सांगितला. त्या दिवसापासून रॉस ह्यांस दुसरा ध्यास उरला नाहीं. पुढच्या वर्षीं मुंबई बंदरांत उतरल्यावर सामान जकातींतून सुटण्याचीही वाट न पाहतां ते रोग्यांच्या शोधार्थ तेथील रुग्णालयांत गेले!

त्यांची नेमणूक सिकंदराबादेस झाली. डांसांस रोग्याचें रक्त पाजावयाचें, आणि मग एकेकाचें शरीर सुईनें उकलून यंत्राखालीं तपासावयाचें, असा त्यांचा क्रम असे. उन्हाळ्यांत अंगाची काहिली होई; पण पंखा चालवावा तर ते बारीक तुकडे उडून जात. घामानें यंत्राचे स्क्रू गंजले. मध्यंतरीं पटकीच्या बंदोबस्तासाठीं बंगलोरला जावें लागलें. पुढें उटकमंडाकडे गेले असतां स्वतःसच हिंवतापानें गांठलें. दोन वर्षें गेलीं, पण हातीं कांहीं लागेना. कारण असें कीं, ते तपासीत होते त्या करड्या व पट्टेदार डांसांत मनुष्याच्या हिंवतापाचा जंतु वाढतच नाहीं.

१८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत पंखांवर ठिपके असलेले निराळ्या जातीचे थोडे डांस मिळाले. हुसेन खान नांवाच्या रोग्यास डांसामागें एक आणा देऊन रॉस ह्यांनीं ते त्यास चावविले. २० ऑगस्ट रोजीं त्या डांसांपैकीं मोजकेच उरले होते. त्यांतील एकाच्या जठराच्या भिंतींत रॉस ह्यांस वाटोळ्या पेशी दिसल्या, आणि त्यांत हिंवतापाच्या जंतूंत असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशीं शेवटचा डांस तपासला, तों त्यांतील पेशी अधिक वाढलेल्या! जंतु डांसाच्या शरीरांत वाढतो हें डोळ्यांनीं दिसलें. म्हणूनच २० ऑगस्ट हा दिवस जगभर डांस दिन म्हणून पाळला जातो.

पण कोडें अर्धेंच उलगडलें होतें, तोंच बदलीचा हुकूम आला. मुंबईमार्गें त्यांस राजपुतान्यांतील खेरवाडा येथें जावें लागलें, आणि तेथें हिंवतापाचे रोगी मिळणें कठीण. मॅन्सन ह्यांच्या खटपटीनें १८९८ च्या फेब्रुवारींत ते कलकत्त्यास आले. तेथें रोगी रक्त देण्यास कचरूं लागले. तेव्हां रॉस ह्यांनीं पक्ष्यांकडे मोर्चा वळविला, कारण पक्ष्यांसही अशाच जंतूंमुळें हिंवताप होतो. महंमद बक्ष हा मदतनीस त्यांच्या जोडीला होता. जठरांतील पेशी फुटून त्यांतून निघालेले जंतु डांसाच्या लाळेच्या ग्रंथींत येऊन सांठतात, हें जुलै महिन्यांत दिसून आलें. असे डांस चावतांच निरोगी चिमण्याही आजारी पडल्या. मेलेल्या डांसांनीं दूषित झालेलें पाणी पिऊन ताप येत असावा, असा मॅन्सन ह्यांचा समज होता, तो चुकीचा ठरला. रोग पाण्यानें नव्हे, दंशानें पसरतो!

मनुष्याच्या हिंवतापाचें सारें चक्र ॲनॉफिलीस जातीच्या डांसांत कसें पुरें होतें, हें त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींत ग्रासी, बिग्नामी व बास्तियानेली ह्यांनीं दाखविलें. १९०२ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस ह्यांस मिळालें. श्रेयाविषयींचा ग्रासी ह्यांच्याशीं झालेला त्यांचा वाद फार कडवट होता, आणि तो त्यांच्या थोर स्वभावाचें लक्षण होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. हुसेन खान व महंमद बक्ष ह्यांचीं नांवें तर थोड्यांसच ठाऊक आहेत. पण एकानें आपलें रक्त दिलें व दुसऱ्यानें आपले श्रम दिले, हें आपण विसरतां कामा नये.

१८९९ सालीं रॉस इंग्लंडला परतून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेंत शिकवूं लागले. शोध लागला एवढ्यानें रोगी वांचत नाहींत, हें ते जाणून होते. म्हणून सिएरा लिओन, सुएझ कालव्यावरील इस्माईलिया व मॉरिशस येथें जाऊन त्यांनीं डबकीं बुजविण्याचा व सांचलेलें पाणी काढून टाकण्याचा उपदेश केला. १९१० च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं गणितानें दाखविलें कीं, एकूणएक डांस मारण्याची गरज नाहीं. त्यांची संख्या एका मर्यादेखालीं आणिली तरी रोग आपोआप ओसरतो. मुंबईसही ह्या विद्येचा उपयोग झाला. १९११ सालच्या आपल्या अहवालांत डॉ. बेंटली ह्यांनीं तेथील हिंवतापाबद्दल शहरांतील विहिरींकडे बोट दाखविलें. त्यांत ॲनॉफिलीसच्या अळ्या वाढत होत्या.

१९११ सालीं रॉस ह्यांस सर ही पदवी मिळाली, व १९२६ सालीं त्यांच्या नांवानें लंडनमध्यें संस्था निघाली. त्याच संस्थेंत १६ सप्टेंबर १९३२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

त्यांचें काम मात्र अजून संपलेलें नाहीं. २०२३ सालीं जगांत सुमारें ६ लाख माणसें हिंवतापानें दगावलीं, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेंतील लहान मुलें होतीं. डांसाची मादीच काय ती चावते, कारण अंडीं घालण्यास तिला रक्त लागतें. आणि अंड्यापासून पंख फुटलेला डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. तेव्हां आठवड्यांतून एक दिवस घरांतील पिंपें, कुंड्यांखालच्या ताटल्या व अंगणांतील फुटकीं भांडीं रिकामीं करून कोरडीं ठेवणें हें प्रत्येक मुलाच्या आवांक्यांतलें काम आहे. बंगलोरच्या त्या पिंपापाशीं रॉस ह्यांनीं जें केलें, तेंच आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून मागत आहों.