पंडित विष्णु नारायण भातखंडे

मुंबईस वाळकेश्वरीं १० ऑगस्ट १८६० रोजीं जन्मलेले पंडितजी १८८५ त बी. ए. व १८८७ त एल्‌एल्. बी. ह्या परीक्षा उतरून वकील झाले. परंतु त्यांचें नांव राहिलें तें कोर्टामुळें नव्हे, वहींतील बारीक खुणांमुळें. पत्नी व कन्या ह्या दोघींसही काळानें नेल्यावर त्यांनीं वकिली सोडून उरलेलें आयुष्य संगीतास वाहिलें.

त्या काळीं चीज उस्तादांच्या कंठांत असे. उस्ताद गेला कीं तीही जाई. पंडितजींनीं जयपूर, रामपूर, ग्वाल्हेर अशीं स्थळें हिंडून चिजा मिळविल्या. ज्या विद्येवर घराण्याची भाकरी चालते, ती परक्यास सहज कोण देईल? तरीही त्यांनीं शेंकडों चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या.

कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तार सप्तकास वर टिंब, येथवर काम सोपें होतें. गळ्याचे अलंकार लिहावे कसे? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यांनीं वरच्या कमानीनें दाखविली. ओझरता कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर लहान अक्षरांत लिहिला. आणि कंसांतील एकटा प हा ध प म प असा झटक्यानें म्हणावा, हा संकेत ठरविला. जर्मनींत बाख ह्यांनींही १७२० त आपल्या मुलाच्या वहींत अशाच चिन्हांचा तक्ता, प्रत्येकाखालीं वाजविण्याची रीत देऊन, लिहिला होता.

आज हीच लिपि संगणकास शिकविली, तर कंसांतील प तो अचूक चार स्वरांत वाजवील. पण मींड किती सावकाश ओढावी, दरबारी कानड्याचा गंधार किती डोलावा, हें कागदावरच नाहीं, तें यंत्रांत कोठून येणार? हा दोष कित्येक जण पंडितजींच्या माथीं मारतात. आम्हांस तें पटत नाहीं. पुस्तकानेंच गाणें येतें असें त्यांस वाटलें असतें, तर १९१८ त ग्वाल्हेरीस आणि १९२६ त लखनौस विद्यालयें निघावीं म्हणून ते कां झटले असते? अलंकाराची जागा खुणेनें दाखवावी, तो गुरुमुखांतून घ्यावा, अशीच ही योजना आम्हांस दिसते. परभणीसारख्या गांवीं, जेथें मोठा गवई शेजारीं राहत नाहीं, तेथील मुलास निदान ती जागा तरी ठाऊक होते. आणि हें थोडें नव्हे.

१९३३ त पक्षाघातानें ते अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस, मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.