धानाच्या वाणांचे राखणदार : डॉ. राधेलाल रिछारिया

भाताचे रोप आणि सूक्ष्मजीव यांचे वैर शेतीइतकेच जुने आहे. करपा बुरशीमुळे पडतो. पानांच्या कडा वाळवणारा करपा जिवाणूंमुळे. टुंग्रो हा रोग विषाणूंमुळे होतो आणि ते विषाणू हिरवे तुडतुडे रोपारोपांत पोहोचवतात. या वैरात शेतकऱ्याच्या पाठीशी उभा राहतो तो त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण. हे ओळखून त्यासाठी आपले पद, स्वास्थ्य आणि उमेदीची वर्षे पणाला लावणाऱ्या शास्त्रज्ञाची कर्मभूमी आपले रायपूर होती.

डॉ. राधेलाल रिछारिया यांचा जन्म १९०९ साली होशंगाबाद जिल्ह्यातील नंदनवाडा या गावी झाला. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरच्या विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि पुढे केंब्रिज येथे डॉक्टरेट मिळवली. परदेशातून परतल्यावर त्यांनी आपली विद्या देशाच्या शेतीस वाहिली. १९५९ मध्ये ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९४२ साली बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला आणि पुढल्या वर्षी त्या प्रांताने भीषण दुष्काळ भोगला. त्या आघातानंतर, १९४६ मध्ये, ही संस्था उभी राहिली होती. रोग आणि भूक यांचे नाते तिच्या पायातच होते.

१९६० नंतरच्या दशकात तैवान व फिलिपिन्समधून बुटक्या, खताला भरघोस प्रतिसाद देणाऱ्या वाणांचे बियाणे देशात येऊ लागले. वाढत्या लोकसंख्येला अन्न हवे होते आणि उत्पन्नाचे आकडे मोह पाडणारे होते. रिछारियांचा आक्षेप मूलभूत होता. सूक्ष्मजीव सतत बदलत असतो. मैलोगणती एकच वाण उभा असेल, तर त्याच्यावर मात करणाऱ्या रोगाला वाटेत अडसरच उरत नाही. शेजारच्या शेतात निराळा वाण असला, की साथीचा वेग मंदावतो. शिवाय हे नवे वाण येथील रोगांना लवकर बळी पडतात, असे त्यांचे मत होते. ही भूमिका धोरणकर्त्यांना रुचली नाही. त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यांनी ओरिसा उच्च न्यायालयात धाव घेतली. तीन वर्षे चाललेल्या त्या लढ्याची झळ साऱ्या कुटुंबाला बसली. अखेर १९७० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान, १९६९ मध्ये उत्तर व पूर्व भारताच्या काही भागांत टुंग्रोची साथ पसरली होती.

पुढे मध्य प्रदेश शासनाने त्यांना पाचारण केले आणि रायपूर येथे मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेचे काम सुरू झाले. साधने तुटपुंजी होती. पण छत्तीसगढ म्हणजे धानाचा कटोरा! रिछारिया व त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आणि काही वर्षांतच त्यांनी सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. दुबराजाचा सुगंध जसा नोंदला गेला, तसेच पाण्याची ओढ सोसणारे, लवकर पिकणारे, रोगाला दाद न देणारे वाणही नोंदले गेले. शेतकऱ्याच्या स्मरणातील ज्ञान ते बियाण्याइतकेच मोलाचे मानत. भाताच्या एका रोपाचे फुटवे वेगळे करून लावायचे आणि त्यातून उत्पन्न वाढवायचे, ही त्यांची पद्धतही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातली होती.

वाण हाताशी असणे किती निर्णायक ठरते, हे याच काळात जगाने पाहिले. भाताची वाढ खुंटवणाऱ्या एका विषाणूविरुद्ध फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गेलेल्या रानभाताच्या एकाच नमुन्यात! तो नमुना कोणी जपला नसता तर शोधण्यासारखे काही उरलेच नसते.

रायपूरची संस्था मात्र फार काळ टिकली नाही. सत्तरचे दशक सरता सरता ती बंद झाली आणि संग्रह जबलपूरच्या कृषी विद्यापीठाकडे गेला. ज्या वाणांसाठी रिछारियांनी उतारवयात पायपीट केली, ते त्यांच्या हातून सुटले; पण नष्ट झाले नाहीत. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. २००२ साली या संग्रहाबाबत सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार होऊ घातला, तेव्हा छत्तीसगढमधील शेतकरी व कार्यकर्ते विरोधास उभे राहिले आणि कंपनीने माघार घेतली.

चौबे कॉलोनीतून निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, की कृषक नगरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय लागते. तेथील जनुक पेढीत हे धान आजही आहे. पाकिटातले बी कायम टिकत नाही. त्याची उगवणशक्ती ओसरण्यापूर्वी ते पुन्हा पेरावे लागते, कापावे लागते, वाळवून ठेवावे लागते. रिछारियांनी आरंभलेले काम म्हणूनच कधी संपत नाही; प्रत्येक पिढीला ते नव्याने हाती घ्यावे लागते.