मैदान हेच सेवाक्षेत्र

अमॉस अलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, जोडे शिवणाऱ्या एका गरिबाच्या घरी झाला. पाळक व्हावे या हेतूने ते येल विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी बेसबॉल गाजवला. पण पैसे घेऊन खेळण्याची बोलावणी नाकारली. पुढे ईश्वरविज्ञान शिकू लागल्यावर, आपणांस नीट उपदेश करता येत नाही, हे त्यांना कळून आले. त्यांनी उपदेशपीठ सोडले. सेवा सोडली नाही. तरुण घडवण्यासाठी मैदान निवडले.

१८९२ साली ते शिकागो विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक झाले. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगाला अंग भिडवून खेळायचा हा खेळ. तेथे राग आणि शिवी सहज येते. स्टॅग यांनी आधी स्वतः शुद्ध आचरण ठेवले, मग मुलांकडून तेच मागितले.

४१ हंगामांनंतर, वयाची सत्तरी झाली म्हणून विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले. ते घरी बसले नाहीत. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक कॉलेजात त्यांनी आणखी १४ हंगाम शिकवले. १९४३ साली, ८१व्या वर्षी, त्यांना वर्षातील उत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. त्यानंतर ते पेनसिल्व्हेनियात आपल्या प्रशिक्षक मुलाच्या जोडीला उभे राहिले. १९६५ साली, १०२ वर्षांचे असता, ते प्रभूकडे गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आमच्या करोंदात काय किंवा तुमच्या गावी काय, बोलता येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसलेले पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती मुलांचा एक वर्ग देऊन पाहा, एवढीच आमची विनंती.