नदीचा काठ वाचणारे सांकलिया

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नव्या कारखान्याचा पाया खणताना जेसीबी जमीन उभी कापतो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. बँकेत असताना कर्जदाराचा प्लॉट पाहायला मी अशा खड्ड्यांच्या काठावर कितीदा तरी उभा राहिलो. लक्ष मात्र नकाशावर आणि तारणावर. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया तिथे असते, तर सर्वांच्या आधी खड्ड्यात उतरले असते.

कोल्हापूरला हे नाव परके नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली त्यांनी मो. गं. दीक्षितांसह उत्खनन केले आणि सातवाहन काळातले नांदते गाव उजेडात आणले. पण सांकलियांचा जीव रमला तो गावे वसण्याच्या कितीतरी आधीच्या माणसात.

जन्म मुंबईचा, १९०८ सालचा. घराणे गुजराती वकिलांचे. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ गुजराती अनुवादात हाती पडला. फारसा कळला नाही. पण तो कळावा म्हणून या मुलाने संस्कृत आणि गणिताचा ध्यास घेतला! पुढे लंडनला पीएच.डी., मॉर्टिमर व्हीलरांच्या हाताखाली उत्खननाचे धडे आणि १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिथून ते हललेच नाहीत.

ब्रूस फूट यांना १८६३ साली मद्रासजवळ अश्मयुगीन हत्यार सापडले होते. महाराष्ट्राचे पान मात्र जवळजवळ कोरेच होते. आपला काळा पाषाण हत्यारे घडवायला सोयीचा नाही, म्हणून आदिमानव इकडे फिरकला नसावा, असा समज होता. सांकलियांनी तो घरात बसून मान्य केला नाही. ते नद्यांचे काठ पायी तुडवू लागले. पूर उभे काठ कापतो, तेव्हा वाळू-गोट्यांचे थर वहीच्या पानांसारखे उघडे पडतात. जितका थर खाली, तितका काळ मागे. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी त्यांना दगडी हत्यारे मिळाली. मग नेवासे.

ज्ञानेश्वरीमुळे नेवासे आपल्याला देवघराइतके जवळचे. त्याच प्रवरेच्या काठी, गोट्यांच्या खालच्या थरात काळ्या पाषाणाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी निघाल्या आणि वरच्या थरात अकीकासारख्या चिवट दगडांच्या छिलक्यांची लहान, धारदार हत्यारे. म्हणजे माणूस इथे नुसता आला नव्हता. दगड आणि कसब बदलण्याइतका काळ राहिला होता. १९५४ ते ५६ उत्खनन झाले आणि १९६० साली जाडजूड अहवाल छापून तयार! ताळेबंद वर्षानुवर्षे लांबलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला या शिस्तीचे अप्रूप वाटणारच.

हत्यारे मिळाली, ती घडवणारा मात्र हुलकावणीच देत राहिला. गुजरातेत लांघणजला १९४० च्या दशकात त्यांना मानवी सांगाडे मिळाले, पाय दुमडून पुरलेले. सहकारी इरावती कर्वे यांनी त्या हाडांचा अभ्यास केला. पण ती माणसे अश्मयुगाच्या अगदी अखेरची. हातकुऱ्हाडवाल्यांच्या मानाने कालपरवाची. नर्मदेकाठी महेश्वर आणि नावडातोलीला सांकलियांनी मोठी उत्खनने केली. त्याच नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला १९८२ साली आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला, तो भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना. सांकलिया तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर ज्याचा माग काढला, तो दुसऱ्याच्या हाती लागावा, हे मला चटका लावून जाते. पण हत्यारांचा माग लागला नसता, तर त्या थरांत कवटीची आशा तरी कोणी धरली असती?

१९८९ साली ते गेले. त्यानंतर त्यांच्याच कॉलेजातल्या संशोधकांनी चुनखडीच्या खड्यांतले युरेनियम मोजून जुन्या थरांचे वय काढायला घेतले. नेवाशाचा थर साडेतीन लाख वर्षांहून जुना निघाला. तितकाच जुना निघाला चिकोडी तालुक्यातल्या येडूरवाडीचा, कृष्णेकाठचा थर. त्यातही हातकुऱ्हाडीच होत्या. कागलवरून वाहणारी दूधगंगा कृष्णेला मिळते ती त्याच परिसरात.