प्राध्यापक वुड्रो विल्सन

अमेरिकेचे अध्यक्ष आणि राष्ट्रसंघाचे पुरस्कर्ते म्हणून वुड्रो विल्सन यांचे नाव आपण शाळेच्या इतिहासात वाचलेले असते. परंतु वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंत हे गृहस्थ राजकारणात नव्हते, ते शिक्षक होते. लोकांचे प्रतिनिधी सभागृहात बसून राज्य कसे चालवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आपण भगिनी मतदान करतो, सभा भरवतो, म्हणून या अध्यापकाची हकीकत आपल्याला माहीत असावी असे वाटते.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हे कुटुंब जॉर्जियात राहत होते. सुमारे दहा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला नीट वाचता येत नव्हते. मात्र वडिलांनी त्याच्याकडून वाक्यरचना घोटून घेतली, आणि पुढे त्याने स्वतःच्या मेहनतीने लघुलेखनही आत्मसात केले.

१८७९ मध्ये ते प्रिन्स्टन येथून पदवीधर झाले. त्याच वर्षी अमेरिकेने इंग्लंडप्रमाणे मंत्रिमंडळाची पद्धत घ्यावी, असा लेख त्यांनी एका मासिकात लिहिला. तो लेख स्वीकारणारे संपादक हेन्री कॅबट लॉज. हेच लॉज ४० वर्षांनी सिनेटमध्ये विल्सन यांच्या राष्ट्रसंघाच्या करारास आडवे आले.

पुढे अटलांटा येथे त्यांनी वकिली करून पाहिली, पण अशिलांची वाट पाहण्यातच दिवस जात. अखेर १८८३ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. तेथे लिहिलेला 'काँग्रेशनल गव्हर्नमेंट' हा त्यांचा ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या वर्षी त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेच्या कायदेमंडळाला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडील पक्षाशी त्या नावाचा संबंध नाही.

ग्रंथातील विचार साधा होता. खरा कारभार सभागृहात होत नाही, तो स्थायी समित्यांच्या बंद खोल्यांत होतो. तेथे एखादे विधेयक दडपले गेले, तर जबाबदार कोणाला धरावे हे मतदारांना कळत नाही. म्हणून कायदे करण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही, कारभारावर लक्ष ठेवणे आणि उघड चर्चेतून लोकांना शहाणे करणे, हे प्रतिनिधींचे काम होय. आपल्या मंडळाचेच पाहा ना. कार्यकारिणीने ठरवलेली गोष्ट सर्वसाधारण सभेत उलगडून सांगितली नाही, तर मनात किंतु राहतोच. गंमत अशी, की वॉशिंग्टन जवळच असूनही ग्रंथ लिहिताना त्यांनी काँग्रेसचे कामकाज पाहण्यासाठी तेथे पाऊल ठेवले नव्हते!

१८८५ मध्येच एलन ॲक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ब्रिन मॉर या नव्याने उघडलेल्या मुलींच्या कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली. पगार वर्षाला १५०० डॉलर. तेथील डीन मार्था कॅरी थॉमस या त्यांच्याच वयाच्या विदुषी. त्यांनी १८८२ मध्येच झुरिक येथे डॉक्टरेट मिळवली होती. परंतु विल्सन यांचे मन तेथे रमले नाही. मुलींना राज्यशास्त्र शिकवणे त्यांना व्यर्थ वाटे आणि ते त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवूनही ठेवले. आणि त्याच वेळी घरी काय चालले होते? जर्मन ग्रंथांवाचून पतीचा अभ्यास अडतो, हे पाहून एलनबाईंनी लेकुरवाळ्या असताना ती भाषा शिकून घेतली. १८८९ मध्ये निघालेल्या 'द स्टेट' या ग्रंथामागे त्यांचे हे कष्ट आहेत.

१८८८ मध्ये ते वेस्लियन कॉलेजात गेले आणि १८९० मध्ये प्रिन्स्टनला परतले. वक्तृत्वामुळे ते विद्यार्थ्यांचे आवडते झाले. १९०२ मध्ये ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९०५ मध्ये त्यांनी सुमारे ५० तरुण शिक्षक नेमून लहान गटांत चर्चेने शिकवण्याची पद्धत सुरू केली. मात्र पुढे सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद विकोपास गेले. चर्चेचे महत्त्व सांगणाऱ्या या पंडिताला स्वतः मात्र माघार घेणे जमत नसे. १९१० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले, ते न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले आणि १९१२ मध्ये देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले.

८ एप्रिल १९१३ रोजी त्यांनी स्वतः काँग्रेसपुढे उभे राहून भाषण केले. १८०० नंतर कोणत्याही अध्यक्षाने तसे केले नव्हते. पुस्तकातला विचार त्यांनी अमलात आणला. परंतु ज्या लोकांना शहाणे करायचे, त्या लोकांत स्त्रिया येतात की नाही? राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न ते वर्षानुवर्षे टाळत राहिले. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुली मताधिकाराच्या बाजूच्या होत्या. १९१७ मध्ये स्त्रिया त्यांच्या निवासस्थानापुढे फलक घेऊन उभ्या राहिल्या आणि तुरुंगातही गेल्या. अखेर ३० सप्टेंबर १९१८ रोजी त्यांनी सिनेटमध्ये जाऊन स्त्रियांची बाजू मांडली. दुसऱ्या दिवशी ठराव दोन मतांनी पडला, पण १९१९ मध्ये तो संमत झाला आणि १९२० मध्ये घटनादुरुस्ती अमलात आली. एलनबाई १९१४ मध्येच वारल्या होत्या.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी कधीच उघडली नाही. प्रिन्स्टनचे दार त्यांनी त्या विद्यार्थ्यांना बंदच ठेवले आणि त्यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत वर्णभेद वाढला. म्हणून २०२० मध्ये प्रिन्स्टनने आपल्या एका संस्थेला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले.

३ फेब्रुवारी १९२४ रोजी विल्सन यांचे निधन झाले. त्यांची थोरली कन्या मार्गारेट पुढे पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात आली, निष्ठा हे नाव घेऊन राहिली आणि १९४४ मध्ये तेथेच निवर्तली.

सभेचे काम उघड्यावर चालावे, ही विल्सन यांची शिकवण खरी. पण त्या सभेत कोणाला जागा आहे, हे त्यांना दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बायकांनी शिकवले. भगिनींनो, पुढच्या सभेला येताना आपल्यापैकी कोण अजून दाराबाहेरच राहिली आहे, हे पाहून तिलाही बरोबर घेऊन यावे, इतकेच सांगणे.